मोठी मायच्या हातच्या वस्तू : आखाजीला सगळ्या एका जागी आणायच्या आहेत

बोरीकाठचा (धागाकर्ता)

मंडळी, लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

आमची मोठी माय, म्हणजे वडिलांची आई, गेल्या दिवाळीनंतर गेली. वय नव्वदीच्या अल्याड-पल्याड. आधार कार्डावर जन्मतारीख १ जून आहे, त्यावरून काय ते समजून घ्या. यंदा, म्हणजे २०२४ला, १० मेला आखाजी (अक्षय्य तृतीया). तिच्या नावाची पहिली घागर भरायची म्हणून सगळ्या आत्या, त्यांच्या लेकी-सुना, सुरतेचे, नाशिकचे, झाडून सगळे येणार. मी निरोप धाडलाय की मोठी मायने करून दिलेली जी काही वस्तू घरात उरली असेल ती येताना घेऊन या. फाटकी, विटकी, कशीही. ओसरीत मांडू, फोटो काढू, कुणाला कधी दिली ते लिहून घेऊ आणि ज्याची त्याला परत.

काकांचं मत : ‘चिंध्यांचं प्रदर्शन कशाला?’

कारण असं की आमच्या स्वतःच्या घरात तिच्या हातचं जवळजवळ काही नाही. तिची पत्र्याची पेटी उघडली तेव्हा अर्धवट रिळं निघाली, बिस्किटांच्या डब्यात रंग वेगळे केलेले काचेचे मणी, गंजलेल्या सुया टोचलेला लोकरीचा गोळा, आणि जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा. पत्रिका आठवण म्हणून नव्हत्या ठेवलेल्या. पत्रिकेचा कागद जाड असतो म्हणून त्यावर मोर, कमळ, आंबा कापून तिने नमुने केले होते. कुणाच्या तरी लग्नातला गणपती अर्धा कापला गेलाय.

आमचं गाव अमळनेर तालुक्यात. आजोबा प्रताप मिलला होते, त्यामुळे लग्नानंतरची बरीच वर्षं ती अमळनेरात चाळीत राहिली. क्रोशा तिथेच शेजारणीकडून शिकली. मिलचे कटपीस स्वस्तात मिळायचे, त्यातून झबली, टोपडी, दुपटी. मण्यांची खरेदी वर्षातून एकदा, वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेत. बोरी नदीच्या वाळवंटात दुकानं लागायची, माणसं पाळण्यात बसायची आणि ही बाई मणीवाल्यासमोर पाय दुमडून घासाघीस करायची. आजोबा तिला तिथे सोडून दर्शनाला जायचे, परत यायचे, तरी तिचं संपलेलं नसायचं.

पुढे गावाला धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, घरात राहायला आले. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश, आणि धाब्याखाली माणूस तरी झोपू शकतो. सगळं घर झोपलं की ही दाराच्या उजेडाला बसायची. झोपाळू माणसांबद्दल तिचं मत फार वाईट होतं.

लोक म्हणतात प्रेमळ होती. होती, पण मऊ नव्हती. कुणी रुमाल दाखवायला आणला की आधी उलटा करून मागची बाजू बघायची. मागे गाठी दिसल्या की पुढची बाजू बघायचीच नाही, परत द्यायची. माझ्या आईला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात असा रुमाल परत मिळाला होता. आई अजून सांगते, आणि सांगताना हसत नाही.

गावात कुणाचंही लग्न ठरलं की रुखवतासाठी मुलीची आई आमच्या ओसरीत. आजूबाजूच्या गावांतूनही यायच्या. त्यामुळे तिचं काम दोन-तीन तालुक्यांत पसरलंय आणि आमच्याकडे डबा भरून मणी.

विचारायचं ते असं. एक, तुमच्याकडे आजीच्या हातच्या अशा काय काय वस्तू होत्या? मला पुढच्या निरोपात नावं लिहायची आहेत, नाहीतर लोकांना आठवतच नाही. दोन, जुनी गोधडी आणि मण्यांची तोरणं धुवायची कशी? तीन, काकांना काय सांगू?

आखाजीचा_झोका

वा! पेटीचं वाचून आमच्या घरातली पेटीच डोळ्यासमोर आली.

नावं घ्या. मण्यांचं दाराचं तोरण, त्यात मधोमध ‘सुस्वागतम्’ (माझ्या मावशीच्या तोरणात ‘म्’चा पाय मोडका राहिलाय, मणी संपले होते). क्रोशाचा रेडिओचा झगा, मग टीव्हीचा झगा. तांब्या-भांड्यावरचं झाकण, चारी बाजूंनी मणी लोंबणारं, म्हणजे वाऱ्याने उडत नाही. मॅटीच्या कापडावर फुलीच्या टाक्याने भरलेली पोपटाची जोडी. गोणपाटावर लोकर भरून केलेलं बसकर. फुटक्या बांगड्यांच्या काचा मेणबत्तीवर वाकवून एकमेकांत अडकवलेली झालर. सुपारीचे नवरा-नवरी, भटजी आणि सप्तपदीची सात पावलं. काडेपेटीच्या काड्यांची झोपडी. दुधाच्या पिशव्या कापून विणलेली चटई. प्लास्टिक वायरची पिशवी!

वायरच्या पिशवीवर भर द्या. ती पिशवी मरत नाही. कुणाच्या तरी घरी कांदे घेऊन टांगलेली असेलच, फक्त ती ‘मोठी मायची’ आहे हे कुणाच्या लक्षात नसेल.

खवट_म्हातारा

सगळे कौतुकाच्या लाटेत आहेत, तर मी थोडा खवटपणा करतो.

रुखवत गोड वाटतं ते आपल्याला, पुरुषांना. माझ्या दोन्ही बहिणींनी बारावीचा अभ्यास सोडून रुमाल विणलेत. मांडवात वरपक्षाच्या बायका रुखवतापुढून फिरायच्या आणि मोजायच्या. ‘एवढंच?’ असं एकीने म्हटलेलं मी स्वतः ऐकलंय. आणि लग्नानंतर तो संसार पहिल्या वर्षातच माळ्यावर. तुमच्या आजींची कला मोठी असेल, शंका नाही. पण तिला हे आवडत होतं की ते तिच्यावर पडलेलं काम होतं, हे कुणी विचारलं का? गावातल्या प्रत्येक मुलीचं रुखवत फुकटात करून देणारी बाई ही ‘प्रेमळ’ कमी आणि राबवून घेतलेली जास्त असते.

बोरीकाठचा

म्हातारबा, प्रश्न रास्त आहे. पण फुकटात? मोठी माय? तुम्ही तिला ओळखत नव्हता.

दोऱ्याचे आणि मण्यांचे पैसे आधी, रोख. मेहनतीचं नंतर, आणि ते माणूस बघून. ज्यांच्याकडे होतं त्यांच्याकडून पैसे, ज्यांच्याकडे नव्हतं त्यांच्याकडून दादर (ज्वारी) नाहीतर मुगाची डाळ, आणि अगदीच गरिबाकडून मुलीने येऊन ओसरी सारवून द्यायची. पाटलांकडून तिने सगळ्यात जास्त घेतलं आणि ते कमी घेतलं असं शेवटपर्यंत म्हणत राहिली. या पैशांतून तिने उषा कंपनीचं हाताचं शिलाई मशीन घेतलं. आजोबांना घरात मशीन आल्यावरच कळलं.

आवडायचं का? एवढं सांगतो की शेतातलं काम तिला मनापासून आवडत नसे. निंदणीला जायची वेळ आली की तिची कंबर धरायची. आणि रुखवताचं काम आलं की रात्री कंदील लावून तीच कंबर बारा वाजेपर्यंत सरळ. पण तुमच्या बहिणींचं खरंच आहे. माझी मोठी आत्या म्हणते, मला सुई हातात घेतली की अजून पोटात गोळा येतो.

खवट_म्हातारा

हातमशीनचं ऐकून बरं वाटलं. पाटलांचं ऐकून जास्त बरं वाटलं.

लिंबायत_पॅसेंजर

भाऊ, सुरतहून लिहितोय. आमचं मूळ शिंदखेड्याकडचं, वडील लूमवर कामाला म्हणून आले ते इथलेच झाले. लिंबायत, उधन्यात अर्धा खान्देश आहे हे सांगायला नको.

गोधडीबद्दल एक. तुमच्याकडे गोधड्या जमल्या की त्या दोन ढिगांत वेगळ्या करून बघा. जुन्या असतील त्या सुती लुगड्यांच्या आणि धोतरांच्या. नंतरच्या असतील त्यात सुरतेची साडी लागलेली दिसेल. आम्ही पोरं आखाजीला गावी जाताना भुसावळ पॅसेंजरमध्ये साड्यांच्या तुकड्यांची, लेसच्या कडांची गाठोडी घेऊन जायचो. आजी ती उघडायची आणि नाक मुरडायची. पॉलिस्टरवर सुई सरकते, टाका बसत नाही, घाम पीत नाही, आणि धुऊन धुऊन मऊ होत नाही. सुती गोधडी जितकी जुनी तितकी अंगाला चांगली. पॉलिस्टरची दहा वर्षांनीही तशीच कडक.

मग तिने मार्ग काढला. वरच्या पदराला सुरतेची साडी, कारण रंग टिकतो आणि पाहुण्यासमोर टाकता येते. आत आणि अंगाकडच्या बाजूला सुती. सुती मिळेनासं झालं तेव्हा आजोबांची धोतरं अंगावर असतानाच ती मोजून ठेवायला लागली. आजोबा म्हणायचे, मी मरायची वाट बघतेय का धोतर फाटायची?

सुईत_दोरा

धुण्याबद्दल मी सांगते, माझं हेच काम आहे (गोधड्या शिवून विकते, धुळ्यात).

आधी धुवूच नका. उन्हात घालून हलक्या हाताने झटका, मग बघा. बऱ्याच वेळा धूळ गेली की पुरे होतं. धुवायचीच असेल तर लाल आणि जांभळ्या तुकड्यांवर ओला पांढरा कपडा दाबून रंग लागतो का पाहा. लागला तर थांबा. नाही लागला तर टबात साधं पाणी, रिठ्याचं पाणी घालून, अख्खी गोधडी पसरून भिजवा. पिळू नका. भिजलेली गोधडी एका टोकाला धरून उचललीत तर स्वतःच्या वजनाने जुनं कापड फाटतं. खाली चादर घालून चौघांनी चार कोपरे धरून उचला आणि सावलीत आडवी वाळवा, दोरीवर नाही. मशीनचं नावसुद्धा काढू नका.

ठेवताना प्लास्टिकच्या पिशवीत नाही, सुती चादरीत गुंडाळून. कडुनिंबाचा पाला चांगला वाळलेला हवा, ओला घातला तर डाग पडतात. आणि दरवेळी घडी वेगळ्या जागी घाला, एकाच घडीवर कापड चिरतं. गंजलेल्या सुया पेटीतून आधी बाहेर काढा, गंजाचा डाग सहजी जात नाही.

मण्यांच्या तोरणाला पाणी दाखवू नका. मणी टिकतो, आतला दोरा कुजतो. कोरड्या ब्रशने पुसा. तोरण टांगूनही ठेवू नका, आडवं ठेवा.

एक विचारते. तुमच्या आजीचे टाके कडेकडून आत जायचे की सरळ रेघांत?

बोरीकाठचा

ताई, अगदी उपयोगाचं लिहिलंत, छापून पेटीवर चिकटवतो.

टाके कडेने. चारी कोपऱ्यांवर पाटा-वरवंटा, दगड जे असेल ते ठेवून थर ताणायची, आधी लांब कच्चे टाके घालायची, मग कडेपासून चौकोनात चौकोन करत आत. दोन ओळींत बोटभर अंतर. चार थरांच्या वर गेलं तर सुई चालत नाही आणि कमी केलं तर माघात थंडी आवरत नाही, असा तिचा हिशोब. दोरा हातभर, त्यापेक्षा लांब घेणारीला आळशी म्हणायची, कारण सुईत दोरा ओवायचा कंटाळा म्हणून ती लांब घेते आणि मग गुंता सोडवत बसते. दोरा मेणावरून ओढून घ्यायचा. गाठ थरांच्या मधे लपवायची. मधल्या चौकोनापर्यंत पोचली की तिथे लाल कापडाचा छोटा तुकडा, दरवेळी. का ते विचारलं की म्हणायची, ‘संपनी म्हणून.’

सुईत_दोरा

कडेकडून आत जाणं कठीण असतं. थोडी जरी ओढ कमी-जास्त झाली तर मधे फुगा येतो. तुमच्या गोधडीत फुगा नसेल तर समजा हात पक्का होता.

केळीचा_घड

आम्ही रावेरकडचे. आमच्या आजीकडे वायर नव्हती, लोकर नव्हती, पण केळीचं सोपट होतं. घड कापला की खोड बागेत पडून राहतं, त्याचे पापुद्रे सोलून, वाळवून आजी त्यांचे दोर वळायची. आधी कामाचं, म्हणजे भाजीची जुडी बांधायला, गजरे करायला. मग हात रिकामा असला की त्याच्या चुंबळी, घड्याखालच्या. तीन पेडांची वेणी घालून गोल गुंडाळायची आणि त्याच सोपटाच्या बारीक दोऱ्याने शिवायची. विकत कशी आणायची वस्तू, असा तिला प्रश्नच पडायचा.

हल्ली केळीच्या धाग्यापासून पिशव्या, चटया करायचं प्रशिक्षण देतात आणि वस्तू शहरात चांगल्या भावाने जातात. आजीला सांगितलं असतं तर तिने आधी भाव विचारला असता आणि मग आम्हाला विचारलं असतं, की इतकी वर्षं तुम्ही झोपला होता का.

पोयाना_बैल

आमनी आजी बी अशीच व्हती, भाऊ. पोयाना आठ दिन पहिले लोकर लई बसे. बैलसले गोंडा, मोरखी, समदं घरनं. इकत काही आने नही.

(म्हणजे पोळ्याच्या आठ दिवस आधी आजी लोकर घेऊन बसायची, बैलांचे गोंडे, मोरख्या सगळं घरचं. पुढचं मराठीत लिहितो, नाहीतर पुण्याचे लोक रागावतील.)

पोळ्याला कुणाचा बैल भारी दिसतो यावरून गावात वर्षभर बोलणं चालायचं. झूल सगळ्यांची सारखीच, दुकानातली. फरक पडायचा तो कपाळावरच्या मठाटीत आणि शिंगांच्या गोंड्यांत. आजी गोंड्यात लोकर इतकी दाट बांधायची की पावसात भिजला तरी चपटा होत नसे. दोन बोटांवर लोकर गुंडाळायची, मधे करकचून बांधायची, दोन्हीकडून कापायची आणि मग कात्रीने गोल करत बसायची. त्या कापलेल्या केसांची उशी. उशीवर मी झोपलोय, टोचते.

यादीत गोंडे घाला. ट्रॅक्टर आले, बैल गेले, पण गोंडे ट्रॅक्टरच्या आरशाला लटकलेले मी पाहिलेत.

मुका_खांब

क्रोशावाली मी. नावावरून कळलंच असेल (खांब आणि मुका खांब हे क्रोशाचे टाके).

एक सूचना. फोटो काढताना प्रत्येक रुमालाचा मागून एक आणि कडेचा जवळून एक घ्या. मधला भाग सगळ्यांचा सारखा असतो, अननस, जाळी, गुलाब, हे नमुने हातोहात फिरायचे. बाईची ओळख कडेवर असते. माझ्या आजेसासूबाईंची कड मी शंभरात ओळखेन.

आणि कडक केलेल्या वस्तू कुणी आणल्या तर जपून. त्या काळी क्रोशाच्या परड्या, बदकं, हंस साखरेच्या पाकात बुडवून कडक करत. साखर आणि पाणी सारखं घ्यायचं, विरघळेपर्यंत तापवायचं, वस्तू बुडवून पिळायची आणि उलट्या वाटीवर घालून वाळवायची. दिसायला काचेसारखी होते. पण पावसाळ्यात चिकट, आणि मुंग्या! एका लग्नात रुखवतातल्या हंसाला मुंग्या लागलेल्या मी पाहिल्यात, वरमाय त्याच्याकडे बघत उभी होती. रुमाल मात्र साबुदाण्याच्या खळीचे, त्यात नीळ थेंबभर. त्यांना धोका नाही, धुतलं की खळ जाते.

फ्रेम करायचा विचार कुणाच्या डोक्यात असेल तर काचेला कापड चिकटू देऊ नका. आणि उन्हाच्या भिंतीवर नाही.

आखाजीचा_झोका

फ्रेमच कशाला? पाटावर घाला, वापरा. आजीने टांगायला थोडंच केलं होतं?

मुका_खांब

तोरण टांगायलाच केलं होतं हो ताई.

लिंबायत_पॅसेंजर

😂 काकांना हेच सांगा भाऊ.

सुईत_दोरा

माझं मत मधलं. ज्याच्या दोन आहेत त्याने एक वापरावी, एक ठेवावी. एकच असेल तर वापरावी, पण त्याआधी नमुना उतरवून घ्यावा. वस्तू गेली तरी नमुना राहतो. मी स्वतः आजीची एक गोधडी उसवून बघितली, थर कसे लावले ते कळावं म्हणून. घरात महिनाभर माझ्याशी कुणी नीट बोललं नाही, पण आता मी तशी शिवू शकते.

बोरीकाठचा

उशीर झाला लिहायला, आखाजी होऊन बरेच दिवस झाले. पाहुणे जाता जात नव्हते, आमरस मात्र संपला.

घागर भरली, डांगर (खरबूज) ठेवलं, मांडे झाले, आणि दुपारी ओसरीत सतरंजी टाकून मांडायला सुरुवात केली. अंदाज होता की दहा-वीस वस्तू येतील. ओसरी भरली, मग अंगणात खाटा टाकल्या.

आखाजीचा झोका ताई, तुमचं खरं निघालं. वायरच्या पिशव्या सगळ्यात जास्त, आणि जवळजवळ सगळ्या चालू स्थितीत. एक पिशवी तर आणणारीला माहीतच नव्हतं की मोठी मायची आहे; ती तिच्यातून शेवया-कुरडया घेऊन आली होती. मधल्या आत्याने बघितलं आणि म्हणाली, ही गाठ मायची. तळाला जिथे वायर संपते तिथे मोठी माय टोक आत वळवून मेणबत्तीने चिकटवायची. बघितलं, तर चिकटवलेलं.

तोरणं आली, मणी गळलेली. एकावर ‘सुस्वागतम्’ऐवजी ‘या बसा’ आहे. ते पाटलांच्या सुनेने आणलं. पाटलांनी मोठं तोरण सांगितलं होतं, पैसे देताना काटकसर केली, तर मोठी मायने अक्षरंच कमी केली, असं आत्या म्हणते. खरं-खोटं देव जाणे, पण सुनेने ऐकून घेतलं आणि तीही हसली.

गोंड्यांची जोडी आली, ट्रॅक्टरच्याच आरशाला होती. पोयाना बैल भाऊ, तुम्हाला फोटो पाठवतो.

सुती गोधड्या मोजक्याच आल्या. बाकी पॉलिस्टर-वरच्या, लिंबायत भाऊंनी सांगितलं तशा, अंगाकडून सुती. एका सुतीत आजोबांच्या धोतराची काठ दिसते, मिलच्या कापडाची. नाशिकच्या चुलतबहिणीने गोधडी आणलीच नाही. तिचा मुलगा त्याशिवाय झोपत नाही आणि परक्या घरी द्यायला तयार नाही. फोटो पाठव म्हटलं तर मुलगा आत झोपलेला असतानाचा पाठवला.

आता काका. काका सकाळपासून झोपाळ्यावर पेपर धरून बसले होते. जेवणं झाल्यावर उठले, आतून एक स्वेटर घेऊन आले आणि खाटेवर टाकला. राखाडी, त्यांच्या कॉलेजच्या दिवसांतला. म्हणाले, ‘याची डावी बाही बघा, दीड बोट आखूड. मी तिला तेव्हाच सांगितलं होतं. तर म्हणे, तुझा हात लांब आहे.’ यावर तिथे भांडणच लागलं. आत्या म्हणे, माय बाही चुकूच शकत नाही. काकांना उभं करून दोन्ही हात टेपने मोजले. डावा हात खरोखर थोडा लांब निघाला. काकांनी ते मान्य केलेलं नाही.

आणि मोठी आत्या, जिच्या पोटात सुईने गोळा येतो, तिने काही आणलं नव्हतं. ती सगळ्या वस्तूंमधून फिरून त्यांची मागची बाजू बघत होती. दोन रुमाल तिने बाजूला काढले आणि म्हणाली, हे मायचे नाहीत, माझे आहेत. मायने आपले म्हणून दिले. पैसेही तिनेच घेतले.

म्हातारबा, हे खास तुमच्यासाठी लिहिलंय.

खवट_म्हातारा

आत्याबाईंना माझा नमस्कार सांगा. ते दोन रुमाल त्यांना परत दिलेत ना?

बोरीकाठचा

दिले. तिने एक स्वतः ठेवला आणि एक माझ्या आईला दिला. आईने उलटा करून बघितला.

मुका_खांब

आता कडेचं सांगा! जवळून फोटो घेतलेत का?

बोरीकाठचा

घेतले, आणि मोठ्या आत्याने तोंडीही सांगितली. मला क्रोशातलं काही कळत नाही, जसं ऐकलं तसं लिहितो. शेवटच्या फेरीत खांबांची संख्या सहाने भागली गेली पाहिजे. मग एक मुका खांब, दोन घरं सोडून तिसऱ्या घरात पाच खांब, पुन्हा दोन सोडून मुका खांब, असं फिरत यायचं. ही झाली पंख्याची कड, ती सगळ्याच करतात म्हणे. मोठी मायचं म्हणजे पुढच्या फेरीत प्रत्येक पंख्याच्या मधल्या, म्हणजे तिसऱ्या खांबावर तीन साखळ्यांची छोटी गाठ, आणि ती रंगीत दोऱ्याने. पांढरा रुमाल, कडेला फक्त ठिपके.

मुका_खांब

म्हणजे रंगीत दोरा प्रत्येक पंख्याला तोडत नसणार, मागून नेत असणार. मागची बाजू गुळगुळीत आहे म्हणता, मग तो दोरा कुठे लपवला? दुसऱ्या फेरीत मुक्या खांबांच्या आत धरून नेला असेल तरच जमेल. आत्यांना विचाराल का? आणि चौकोनी रुमालाला कोपऱ्यात पाचच खांब की जास्त? पाच घेतले तर कोपरा वर वळतो.

बोरीकाठचा

विचारलं. कोपऱ्यात सात. आणि दोरा मुक्या खांबाच्या आतूनच, तुमचा अंदाज बरोबर. आत्या विचारतेय, तुम्ही कोणत्या गावच्या?

मुका_खांब

चोपडा. आत्यांना सांगा, २० नंबरच्या दोऱ्यावर करून बघते आणि दोन्ही बाजूंचे फोटो टाकते.